दुसऱ्याच्या हाताने दात घासताना

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे औषध, जेवण, अंग पुसणे घरोघरी वेळेवर होते. तोंड मात्र राहून जाते. ‘या वयात आता दात राहिलेत किती?’ असे म्हणून सोडून देतात. पण प्रश्न दातांपुरता नाही. अस्वच्छ तोंडात जंतू वाढतात. गिळण्याची शक्ती कमी झाली असेल, तर ते लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्युमोनिया होऊ शकतो. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत २ वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे तोंड दर जेवणानंतर सेवकांनी स्वच्छ केले, त्यांना न्युमोनिया कमी झाला. दात नसलेल्यांनाही हा फायदा दिसला.

कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या तेल बंदराजवळ आम्ही राहतो. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू लुळी आहे. त्यांचे दात घासण्याचे काम माझ्याकडे आहे. रोजच्या सवयीतून जे शिकले, ते सांगते.

पप्पांना ताठ बसवते, हनुवटी किंचित खाली. आडवे झोपवून कधीही घासू नये. पाणी श्वासनलिकेत जाते. बसता येत नसेल, तर कुशीवर वळवून गालाखाली टॉवेल ठेवावा. आधी हात धुऊन हातमोजे घालावेत. ब्रश लहान आणि मऊ असावा. इथल्या बाजारात मिस्वाकच्या काड्या मिळतात, आपल्याकडच्या बाभळीच्या काडीसारख्या. पण आजाऱ्याच्या नाजूक हिरडीला काडी टोचते. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी. ब्रश हिरडीकडे तिरपा धरून हलके गोल फिरवावे. फेस ओल्या कापडाने टिपून घ्यावा. आपले बोट दातांच्या मध्ये घालू नये.

पक्षाघात झालेल्याच्या लुळ्या गालात घास अडकून राहतो आणि त्याला ते कळतही नाही. मलिद्यातले पोहे आणि खोबरे पप्पांच्या उजव्या गालात तासभर तसेच असते. म्हणून प्रत्येक खाण्यानंतर तो गाल तपासते.

डाव्या हाताने जमेल तेवढे ते स्वतः घासतात. ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, की पकड बसते. राहिलेले मी पूर्ण करते. ज्यांना विसराळूपणाचा आजार आहे, ते कधी तोंडच उघडत नाहीत. अशा वेळी जबरदस्ती करू नये. एक ब्रश त्यांच्या हातात द्यावा, आपण स्वतः घासून दाखवावे. नाहीच जमले तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे.

इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. त्यात रक्तदाब, नैराश्य, लघवी यांवरच्या काही औषधांनीही तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. गिळता येत असेल तर घोट घोट पाणी द्यावे, ओठांना व्हॅसलीन लावावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

कवळी रात्री काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. गरम पाण्याने ती वाकडी होते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. कवळी काढल्यावर हिरड्या आणि जीभही पुसावी.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, सूज किंवा सतत रक्त दिसले, तर दंतवैद्याला दाखवा. जेवताना रोज ठसका लागत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

वाचकहो, तुमच्यापैकी काहींना आज दुसऱ्याच्या हाताची गरज असेल. सुनेला किंवा मुलाला तोंड दाखवायला संकोच वाटतो, हे मी पप्पांच्या डोळ्यांत पाहिले आहे. तरी बोला. कुठे दुखते, पाणी किती गरम हवे, आधी कोणती बाजू घासायची, हे तुम्ही सांगितलेत तर करणाऱ्याचे काम सोपे होते आणि तोंड तुमचेच राहते.