ठकीचं वय काय?

माझ्याकडे आजमितीला ६३ बाहुल्या आहेत आणि त्यातली एकही मी नवी विकत आणलेली नाही. हे ऐकलं की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला आता पाठ झालंय. आधी हसू, मग थोडी काळजी आणि मग ठरलेला प्रश्न, ''मुलगी मोठी झाली ना हो तुमची?'' झाली की! पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. बाहुल्या तिच्या नाहीत, माझ्या आहेत. माझ्या दिरांकडे जुन्या नाण्यांच्या तीन वह्या आहेत. त्यांना पाहुणे 'संग्राहक' म्हणतात. माझ्या कपाटाला मात्र आमच्या घरात बरीच वर्षं 'हिचं खूळ' असं नाव होतं. असो.

माझा नियम साधा आहे. बाहुली निदान तीस वर्षं जुनी हवी आणि कुणीतरी तिच्याशी खेळलेलं हवं. परदेशात जुन्या बाहुल्या जमवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बाजारात डबा न उघडलेल्या बाहुलीला सगळ्यात जास्त मोल! मला ते कधी पटलं नाही. डब्यातून बाहेरच न आलेली बाहुली मला बिचारी वाटते.

हा नाद लागला तो बचत गटाच्या कामामुळे. घरोघरी जायचं, बायकांशी बोलायचं, माजघरात बसायचं. २०१२ साली आमच्याच गावातला एक जुना वाडा पाडायचा ठरला, तेव्हा तिथल्या आजींनी मला हाक मारली. वय ८८, पण आवाज खणखणीत. माळ्यावरचं सामान अंगणात काढलं होतं. त्यात एक ठकी होती. वीतभर उंच, एकाच लाकडातून कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, पाय वेगळे नाहीतच. अंगावर लाल रंगाचं लुगडं रंगवलेलं, कपाळावर कुंकू. डोक्याचा रंग मात्र पार उडालेला आणि लाकडावर बारीक बारीक खड्डे.

''दात आहेत ते,'' आजी म्हणाल्या. ''माझ्या पोरींचे. दात येताना हिचंच डोकं चावायच्या.''

मग त्या बोलत राहिल्या. त्यांचं लग्न १९३५ सालचं, वय वर्षं अकरा. शारदा कायदा १९२९ साली झाला होता, १९३० पासून लागूही झाला होता आणि त्यात मुलीचं वय निदान चौदा हवं असं लिहिलं होतं. पण गावात कायदा कोण विचारतो? पाठवणीच्या वेळी आईने बोचक्यात ठकी घालून दिली. सासरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी ती पाहिली. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ''आता तू घरची सून, आता खेळायचं नाही,'' एवढंच म्हणाल्या आणि ठकी माळ्यावर ठेवून दिली. पुढे १९४० मध्ये आजींना पहिली मुलगी झाली. ती रांगायला लागली तेव्हा सासूबाईंनी स्वतः शिडी लावून ठकी खाली काढली. ''पोरीसाठी काढली हो,'' आजी मला म्हणाल्या, ''पण दुपारी सगळे झोपले की मी पण खेळायची. सोळा वर्षांची तर होते!''

ती ठकी त्यांनी माझ्या हातात दिली. नातसुना टाकून देतील म्हणाल्या.

तेव्हापासून मी बाहुलीकडे पाहताना दोन वयं विचारते. बाहुली किती वर्षांपूर्वीची, हे एक. आणि ती कुणाची बाहुली आहे, म्हणजे बाळ आहे, मुलगी आहे की बाई, हे दुसरं. खरी मौज दुसऱ्या प्रश्नात आहे. आपली ठकी बाई आहे. लुगडं, कुंकू, आंबाडा, सगळा सरंजाम. तमिळनाडूत मुलीला लग्नात मरपाच्ची नावाची लाकडी जोडी देतात, नवराबायकोची. नवरात्रात तिकडे पायऱ्या मांडून बाहुल्यांचं 'कोलू' सजवतात, त्यात ही जोडी मानाची. मरपाच्ची नुसती कोरलेली असते, कपडे आपण नेसवायचे. आपल्या ठकीचं लुगडं रंगवलेलंच, म्हणजे बदलायची सोय नाही! तरी पोरी वरून चिंधी गुंडाळायच्याच.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बाहुल्या मोठ्या बायकाच असत. बारीक कंबर, लांब झगा, डोक्यावर टोपी. मग फ्रान्स-जर्मनीत गुबगुबीत गालांच्या लहान मुली आल्या आणि १९०९-१० च्या सुमाराला जर्मनीत अगदी तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याच्या बाहुल्या निघाल्या. म्हणजे मुलींना आता बाहुलीची आई व्हायचं होतं. आपल्याकडच्या कचकड्याच्या बाहुल्या याच जातीच्या. नंतर १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी आली. रूथ हँडलर या बाईंनी ती आणली. आधीची एक जर्मन बाहुली, लिली, तिच्यावरून त्यांना सुचलं होतं. बार्बी पुन्हा मोठी, पण नवरा नाही, मूल नाही, कपाटभर कपडे! आपल्याकडे नव्वदच्या दशकात तिला साडी नेसवली गेली. माझ्याकडे अशी एक आहे, केस विंचरून विंचरून अर्धे गेलेली. ठकी आणि ती शेजारी ठेवल्या की मी बराच वेळ नुसती बघत बसते.

आता तुम्ही म्हणाल, जुनी म्हणजे किती जुनी ते कळतं कसं? मैत्रिणींनो, चिंध्यांच्या बाहुलीच्या बाबतीत तर आपण बायका कुठल्याही तज्ज्ञाला भारी पडू. कापड आपल्याला कळतं. इरकलीचा काठ, खणाचं विणलेलं नक्षीकाम, मलमल, मांजरपाट हाताला लागलं की ओळख पटते. नायलॉन किंवा टेरिलीनचा तुकडा असेल तर बाहुली फार जुनी नसते. पण इथे एक पाचर आहे. नव्या कापडाची बाहुली नवी असेलच असं नाही. बाहुली फाटली की आई वरून दुसरं कापड शिवायची. माझ्याकडच्या एका बाहुलीला एकावर एक तीन चेहरे आहेत. कानापाशी उसवलंय तिथून तिन्ही कडा दिसतात. वरच्या चेहऱ्याचे डोळे काळ्या रेशमाचे, शिलाई मशीनची. मधला हातशिलाईचा. सगळ्यात आतल्या चेहऱ्याची फक्त भुवई दिसते, काजळाने काढल्यासारखी. उसवून बघ, असं कितीजणींनी सांगितलं. मी काही ती उसवलेली नाही.

विकतच्या बाहुल्यांसाठी मानेमागे आणि पाठीवर पाहायचं. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे मानेवर 'जर्मनी' असं कोरलेलं असेल तर बाहुली सहसा १८९१ नंतरची धरतात. माझ्याकडे असं एक चिनी मातीचं नुसतं डोकं आहे, मिरजेच्या जुन्या बाजारात मिळालेलं. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, जपान दोस्तांच्या ताब्यात होता त्या, म्हणजे १९५२ पर्यंतच्या, काळातली. बार्बीच्या पाठीवर मात्र फसू नका. तिथे '१९६६' दिसलं की विकणारे हरखून किंमत वाढवतात. ते साल त्या शरीराच्या साच्याच्या हक्काचं असतं. तो साचा पुढे कितीतरी वर्षं वापरात होता, म्हणून नव्वदच्या दशकातल्या बार्बीवरही १९६६ सापडतं.

आणि कचकडं! कचकडं म्हणजे मूळचं कासवाच्या पाठीचं कवच. त्याच्या फण्या व्हायच्या. १८७० च्या सुमाराला अमेरिकेत निघालेल्या सेल्युलॉइडच्या फण्या तशाच दिसत, म्हणून आपल्याकडे तेच नाव त्यालाही चिकटलं असावं. ओळखायची खूण सोपी. अंगठ्याने जरा जोरात घासायचं आणि वास घ्यायचा. कापराचा वास आला तर कचकडं, कारण ते करताना कापूरच घालतात. कुणी म्हणेल तापलेली सुई टोचून बघा, तर अजिबात नको. जुन्या सिनेमाच्या फिती ज्याच्या असत तोच हा पदार्थ, भसकन पेटतो. देवघराजवळ, गॅसजवळ ती ठेवू नये. डब्यात कोंडूनही ठेवू नये, हवा लागती ठेवावी.

जपणुकीचं आणखी थोडं सांगते, कारण फोन येतात ते याचसाठी. आपल्याकडे डोळे मिटणारी बाहुली शोकेसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ठेवायची पद्धत होती. धूळ बसू नये म्हणून. पण मऊ प्लॅस्टिकच्या बाहुलीला कालांतराने चिकट घाम सुटतो आणि पिशवी अंगाला चिकटते. पिशवी काढा. डांबराच्या गोळ्या बाहुल्यांजवळ नकोत, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं. वेखंडाची पुरचुंडी चालते. गुंडाळायला धुऊन खळ काढलेलं मांजरपाट घ्यावं, खळीला कसर लागते. कानात हौसेने पितळी रिंगा घातल्या असतील तर काढून ठेवा, कान हिरवे पडतात. अगदी सुरुवातीच्या बार्बीचेही पडलेत, म्हणजे हा काही आपल्याच घरातला प्रकार नाही. आणि लाकडी ठकीला तेल लावून चमकवू नका हो! पुसायचं ते कोरड्या मऊ फडक्याने.

दिल्लीला कधी गेलात तर बहादूरशाह जफर मार्गावरच्या नेहरू हाउसमधलं बाहुल्यांचं संग्रहालय चुकवू नका. व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांना हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेसाठी एक बाहुली बक्षीस म्हणून दिली आणि त्यांना नादच लागला. १९६५ साली संग्रहालय उघडलं. मी दोनदा जाऊन आले. तिथल्या वधू-वरांच्या जोड्या पाहण्यासारख्या आहेत. सगळ्या मात्र काचेआड आणि नीटनेटक्या, चावलेली एकही दिसली नाही.

माझ्या बाहुल्या चावलेल्या आहेत आणि त्या काम करतात. आठवी-नववीच्या मुलींशी बोलायला मला शाळांमध्ये बोलावतात, तेव्हा कापडी पिशवीतून पाचेक बाहुल्या नेते. टेबलावर ओळीने मांडते आणि विचारते, कुणाचं वय काय? बाळ बाहुलीला सगळ्याजणी 'सहा महिने' म्हणतात. बार्बी वीस-बावीस. ठकीवर वाद होतो. तीस, पस्तीस, एकीने तर पन्नास म्हटलं. मग मी सांगते, हिची मालकीण अकरा वर्षांची होती आणि लग्न होऊन आली होती. वर्ग चिडीचूप होतो.

जुनी गोष्ट म्हणून सांगता आली असती तर बरं वाटलं असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त. एका शाळेत तास संपल्यावर एक मुलगी बाहुल्या पिशवीत भरायला मदत करत थांबली. ठकी हातात धरून म्हणाली, ''मॅडम, माझ्या चुलत बहिणीची सुपारी फुटलीय. दहावीला आहे ती.'' आम्ही अंगणवाडीताईंना आणि ग्रामसेवकांना घेऊन त्या घरी गेलो. दोन तास बसलो. चहा झाला, रडणं झालं, ''आमची परिस्थिती तुम्हाला काय माहीत'' हेही झालं, आणि ते खोटं नव्हतं. लग्न पुढे ढकललं गेलं. दोन वर्षांनी झालं ते, त्याच घरात. पण तोवर मुलीला अठरा पूर्ण होऊन गेली होती आणि बारावीचा निकाल हातात होता. मी लग्नाला गेले होते. रुखवतात तिने स्वतः केलेली बाहुला-बाहुलीची जोडी होती, लोकरीची.

त्या जोडीवरून आठवलं. माझ्याकडे सात ठक्या जमल्यात, पण लाकडी बाहुला एकही नाही. भातुकलीत लग्नं तर धूमधडाक्यात लागायची, मग नवरा कोण? चार-पाच म्हाताऱ्यांना विचारलं. एकीने सांगितलं, दुसऱ्या ठकीला लाल चिंधीचा पटका बांधायचा, झाला नवरा! लग्न लागलं की पटका सोडायचा आणि ती पुन्हा ठकी. माझ्या सातांपैकी एकीच्या डोक्यावर रंगाचा गोल पट्टा घासून गेलाय, बरोबर पटका बसतो तिथे. पण एकीवरून कसं ठरवणार? तुमच्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत, आजोळी एखादा जुना लाकडी बाहुला असेल, किंवा डोक्यावर असा पट्टा असलेली ठकी असेल, तर पुरवणीच्या पत्त्यावर दोन ओळी जरूर टाका. पुसू मात्र नका हं तिला, आहे तशीच राहू दे.