पोतं आम्ही बंद केलं

दर पावसाळ्यात आमच्या महाडच्या मोहल्ल्यात मांजरीची पिल्लं वाढतात. मग कुणीतरी ती पोत्यात भरून पोलादपूरच्या वाटेवर सोडून येतं. आमच्याही घरातून एकदा पोतं गेलं. मागे राहिलेली मांजरी तीन रात्री माळ्यावर ओरडत फिरली. नंतर पोतं बंद.

आता पिल्लं आठ आठवडे आईजवळच राहतात. गाईचं दूध देत नाही, जुलाब होतात. खायला लागली की काटे काढलेली उकडलेली मासळी. मग ओळखीचं घर. मोठं मांजर नेणाऱ्यांनी ते दोन-तीन आठवडे घरातच ठेवावं, नाहीतर जुन्या घराच्या ओढीने हायवेवर येतं.

पण घरं किती शोधणार? मांजरी नऊ आठवड्यांत विते, चार-पाच महिन्यांची पिल्लीही गाभण राहते. म्हणून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घेतो.

हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं मांजरासाठी कलतं केलं, तेव्हा सून नवलाने पाहतच राहिली होती. हदीस सगळ्यांना ठाऊक, तरी काळं पिल्लू कुणी नेईना! शेवटी पोलादपूरच्या फुफीने नेलं. आता ते तिच्या तांदळाच्या कोठीवर झोपतं.