साठवणीचे पाणी आणि डेंग्यू

बालाघाटाच्या अंगाखांद्यावर वसलेला बीड जिल्हा पर्जन्यछायेत येत असल्यामुळे, नळाचे पाणी टिपाडांत आणि रांजणांत दिवसेंदिवस साठवून ठेवण्याचा शिरस्ता येथील गृहिणींनी नाइलाजाने पत्करला आहे; परंतु त्याच स्वच्छ, निश्चल पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते, आणि काळ्या कणांसारखी दिसणारी ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने तग धरतात, ही बाब मला सर्वांत चिंताजनक वाटते. अंड्याचा डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावयाचा. त्या दिवशी टिपाड नुसते उपडे न करता काथ्याने आतून खसखसून घासावे, आणि पुन्हा भरल्यावर तोंडाला फडके घट्ट बांधावे.