ब्रेक दाबताच मागचे चाक का उडते?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग सोडून उमरग्याच्या दिशेने निघाले की जळकोट लागते. उसाच्या हंगामात या भागात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी निघालेले भाविक तालुक्यातल्या रस्त्यांच्या कडेने चालत असतात. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसमोर अचानक ट्रॉली आडवी आली, तर चालकाच्या हाती ब्रेक हा एकच उपाय उरतो. नेमक्या त्या क्षणी मागून धडधड आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग थरथरत बाजूला सरकू लागला, तर?

फेरफार केलेल्या गाड्यांत हा दोष बऱ्याचदा आढळतो. कोणी गाडी उंच दिसावी म्हणून कमानपाट्यात जादा पान घालतो, कोणी ती खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापतो, कोणी रुंद टायर आणि जड रिम बसवतो. रोजच्या चालवण्यात काही जाणवत नाही. जोरात ब्रेक लागला की मात्र मागचे चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. गॅरेजमध्ये मग ‘गाडी मागून नाचते’ अशी तक्रार येते आणि बहुतेक वेळा पहिला उपाय म्हणून ब्रेक लायनर बदलले जातात. ताप आला म्हणून फक्त तापाची गोळी द्यावी, तसाच हा प्रकार. चाक उडणे हे लक्षण आहे, रोग वेगळाच असू शकतो.

ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो. समजा, १,२०० किलोची गाडी उभी असताना तिच्या मागच्या दोन चाकांवर मिळून ४८० किलो भार आहे. जोरदार ब्रेक लागल्यावर त्यातला निम्मा, म्हणजे सुमारे २४० किलो, पुढच्या चाकांवर जातो. हीच गाडी उचलल्यामुळे तिचा गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर वर गेला, तर मागे जेमतेम २०० किलो उरतात. एवढ्या हलक्या झालेल्या चाकाला पूर्वीइतकाच ब्रेक लागला की ते घसरू लागते. घसरले की पाटा किंवा बुशमध्ये साठलेला पीळ सुटतो, चाक झटक्याने मागे येते, पुन्हा रस्ता पकडते, पुन्हा पीळ बसतो, पुन्हा सुटतो. हे चक्र सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा चालते. ही उसळी जिरवण्याचे काम शॉकअपचे असते. तो थकलेला असेल किंवा नव्या कडक स्प्रिंगला पुरा पडत नसेल, तर उसळी थांबतच नाही. रिम आणि टायर जड असतील, तर त्याचे काम आणखी अवघड होते.

म्हणून निदानाची सुरुवात पान्यापेक्षा प्रश्नांनी करावी. त्रास कधीपासून आहे आणि त्याआधी गाडीत काय बदलले होते? गाडी रिकामी असताना होतो की भरलेली असताना? हलक्या ब्रेकलाही होतो की फक्त जोराच्या? उत्तरांवरूनच बरीच गाळणी होते. हलक्या ब्रेकलाही थरथर येत असेल आणि गाडीच्या वेगाबरोबर ती कमीजास्त होत असेल, तर डिस्क वाकडी झाली आहे किंवा ड्रमची गोलाई बिघडली आहे, असा संशय घ्यावा. पायाखालचे ब्रेक पेडल जलद ठोके देत असेल आणि गाडी सरळ थांबत असेल, तर ते एबीएसचे नेहमीचे काम असू शकते, दोष नव्हे. फक्त जोराच्या ब्रेकला, मागूनच आणि विशेषतः गाडी रिकामी असताना धडधड होत असेल, तर चाक उडत आहे असे समजून पुढे जावे.

मग तपासणी. मागच्या टायरवरून तळहात फिरवला असता ठराविक अंतराने खळगे लागले, तर ते थकलेल्या शॉकअपचे जुने चिन्ह आहे. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळले आहे का, बुशचे रबर फाटले आहे का, पाटा धरून ठेवणारे यू-बोल्ट ढिले आहेत का, हवेचा दाब योग्य आहे का, हे सारे उभ्या गाडीत दिसते. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडावा. तो वर येऊन लगेच स्थिरावला पाहिजे. झुलत राहिला तर शॉकअप संपला. झुलला नाही म्हणून तो निरोगी ठरतो असे मात्र नाही.

एक खूण सहसा नजरेतून सुटते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह गाडीची मागची उंची पाहून काम करतो. मागचा भाग खाली बसला, म्हणजे गाडी भरलेली आहे, असे तो समजतो आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. स्प्रिंग कापून गाडी खाली आणली की हा व्हॉल्व्ह फसतो. रिकाम्या गाडीच्या हलक्या चाकांवर भरलेल्या गाडीचा ब्रेक पडतो. अशा गाडीत कितीही महागडे लायनर टाकले तरी धडधड थांबणार नाही.

तरीही शंका राहिली तर चाचणी घ्यावी, पण महामार्गावर नव्हे. रिकाम्या, बंदिस्त मैदानात, कमी वेगात, सुरक्षित अंतरावरून कोणीतरी मागच्या चाकाचे चित्रीकरण करावे. मागे वाळूची पोती घट्ट बांधून पुन्हा पाहावे. फरक पडला, तर दोष भार आणि ब्रेक यांच्या तोलात आहे. ही पोती निदानापुरती, उपचार म्हणून नव्हेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार औषधे एकदम दिली की कोणते लागू पडले ते कळत नाही.

हे सारे इतके काटेकोरपणे का करायचे? ताशी ८० किलोमीटरवरून चांगली पकड असलेली गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे ३२ मीटरमध्ये थांबते. पकड पाव हिश्श्याने घटली, तर ४२ मीटर लागतात. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी अजून ताशी ४० किलोमीटरने धावत असते. त्यात गाडी आडवी फिरली, तर धडक कुशीत बसते. समोरच्या धडकेत बॉनेट चुरडून आघात शोषतो. दारात आणि माणसात मात्र काही सेंटीमीटरचेच अंतर असते. अशा वेळी बरगड्या, प्लीहा, यकृत आणि ओटीपोटाचे हाड यांना इजा होते. बाहेर ओरखडाही नसताना पोटात रक्तस्राव चालू असू शकतो. म्हणून जखमी ‘बरा दिसतो’ म्हणून घरी नेऊ नये, १०८ला फोन करून रुग्णालयातच पाठवावे.

गाडी चालवताना चाक उडू लागले, तर स्टिअरिंग सरळ धरावे. एबीएस असेल तर ब्रेकवरचा पाय काढू नये. एबीएस नसेल तर दाब किंचित कमी करून पुन्हा द्यावा.

खरा उपचार बहुधा साधा असतो. स्प्रिंग, टायर, रिम कंपनीच्या मापाचे बसवावेत, शॉकअप जोडीने बदलावेत, बुश आणि बोल्ट दुरुस्त करावेत. मागचा ब्रेकच मंद करून टाकणे किंवा एबीएसचा फ्यूज काढणे म्हणजे दुखणे दडपून रोग वाढवणे. कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

उंच उचललेली गाडी फाट्यावर उभी असताना रुबाबदार दिसते खरी. पण मागच्या सीटवर आई किंवा मुले बसलेली असतात आणि समोर ट्रॉली येते, तेव्हा गाडीने सरळ रेषेत थांबावे एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. मागून पहिल्यांदा धडधड ऐकू येईल, त्याच आठवड्यात गाडी तपासून घ्यावी.