मॅटॅडोरचा पत्रा

भोर-वेल्ह्याच्या पावसात जुन्या मॅटॅडोरचा पत्रा आतून सडतो. रंगाला फुगा दिसतो तोवर खाली चाळण झालेली असते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही व्हॅन (कंपनी आता फोर्स मोटर्स) दुरुस्त करताना नवा पत्रा थेट वेल्ड करू नये. आधी स्क्रूंनी अडकवावा, दार टांगावे, भोवतीची फट बोटाने चाचपावी. मगच सुटे टाके मारावेत, तेही जागा बदलत. सलग तापला की पातळ पत्रा पापडासारखा वाकडा होतो. पुट्टी स्वस्त पडते, हे खरे. पण सडका भाग कापलाच नाही, तर गंज तिच्याखाली पसरतच राहतो. हाताने ठोकलेला पत्रा ‘अस्सल’ नाही, हा आक्षेप मला पटत नाही: सडलेला अस्सल पत्रा दार पेलत नाही.