टीसीएल टाकण्याआधी टक्का विचारा

पावसाळा लागला की आमच्या भद्रावती तालुक्यात हा प्रश्न हमखास येतो, "ताई, विहिरीत टीसीएल किती टाकाचं?" मी विचारते, "विहिरीत पाणी किती? पावडर किती टक्क्यांची?" उत्तर येते, "मूठभर टाकतो नं!"

मूठ कोणाची? कमी पडले तर जंतू जिवंत राहतात आणि हगवण, कावीळ घरात शिरते. जास्त पडले तर पाण्याला उग्र वास येतो, माणसे ते सोडून नाल्याचे पाणी भरतात. म्हणजे पुन्हा हगवणच.

टक्का म्हणजे शंभरातला भाग. चांगली ताजी ब्लिचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल, साधारण ३३ टक्क्यांची असते. तिच्या १०० ग्रॅममध्ये कामाचा क्लोरीन ३३ ग्रॅम. पोते उघडे राहिले, ओल लागली की क्लोरीन उडून जातो. पावडर तेवढीच दिसते, ताकद मात्र घटते. म्हणून ग्रामपंचायतीत विचारा, "आपल्या टीसीएलची तपासणी झाली का? किती टक्के आला?" हे विचारणे आपला हक्क आहे.

आता विहिरीचा हिशेब. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा.

व्यास × व्यास × खोली × ७८५ = लिटर

व्यास २ मीटर, पाणी ३ मीटर असेल तर २ × २ × ३ × ७८५ = ९,४२० लिटर. १,००० लिटरला ३३ टक्क्यांची पावडर अडीच ग्रॅम लागते, म्हणजे इथे सुमारे २४ ग्रॅम. पावडर २० टक्क्यांवर उतरली असेल तर २४ × ३३ ÷ २०, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम.

पावडर थेट टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, दहा मिनिटे चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडा. तासाभराने जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या. पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरीन कमी पडला.

उलटी-हगवणीची जागा पुसायला अर्धा टक्क्याचे द्रावण लागते.

हवा तो टक्का ÷ हाती असलेला टक्का × एकूण द्रावण = लागणारे औषध

बाटलीतले औषध ५ टक्क्यांचे असेल तर १० लिटर द्रावणासाठी १ लिटर औषध आणि ९ लिटर पाणी. नर्सिंग शिकताना मी १ लिटरला १० लिटर पाणी घातले होते. तेव्हा एकूण ११ लिटर झाले आणि द्रावण पातळ पडले.

लक्षात ठेवा, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरावा लागतो. अर्धा टक्का म्हणजे त्याच्या दहा हजार पट. ते द्रावण पिण्याच्या भांड्याजवळही ठेवू नका. संडास धुण्याच्या ॲसिडमध्येही ते कधी मिसळू नका, विषारी वायू निघतो.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा गावातली एक विहीर मोजा. तिचे लिटर आणि ग्रॅम विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. पाणी चढले-उतरले की पुन्हा मोजा.