आशुलिया : शिलाई कामगारणीचा दिवस

पहाटे ४.३० – ढाक्याच्या वेशीवरच्या आशुलियात पत्र्याच्या खोल्यांमध्ये दिवे लागतात. चूल आणि न्हाणीघर चार-पाच बिऱ्हाडांत मिळून एक. नंबर गेला की उपाशी निघावं लागतं. भात, डाळ, बटाट्याचं भरीत, त्यातलंच डब्यात.

सकाळी ७.३० – रस्ता मुलींनी भरून जातो. ओढण्या सावरत, भरभर चालणाऱ्या. यांच्या आज्यांना बाजारापर्यंत जायलाही घरच्यांची परवानगी लागे. हे बदलण्यात शाळेचा वाटा आहे : १९९४ पासून बांगलादेश सरकारने खेड्यांतल्या माध्यमिक शाळकरी मुलींना विद्यावेतन दिलं. अटी तीन : हजेरी, गुण आणि लग्न न करणं. माझ्या मते देशाला त्याहून शहाणा खर्च क्वचितच सुचला असेल.

८.०० – कामगारीण जिना चढून कारखान्यातल्या आपल्या लाइनवर. शेजारच्याच सावरमध्ये २४ एप्रिल २०१३ रोजी कपड्यांचे कारखाने असलेली ‘राणा प्लाझा’ इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत धाडलं गेलं. त्यानंतर इमारतींची तपासणी सुरू झाली. तिच्या मजल्यावरचं आगीच्या वेळचं दार आज उघडं आहे, ते त्या मृतांमुळे.

ती दिवसभर फक्त बाह्या जोडते. दर तासाला किती नग झाले ते लाइनच्या टोकाला फळ्यावर चढतं. आकडा कमी पडला की सुपरवायझरचा आवाज चढतो. १९७९ मध्ये ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने १३० जणांना शिकायला दक्षिण कोरियाला पाठवलं, तिथून हा धंदा उभा राहिला. आज देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक पैसा तयार कपड्यांचा आहे.

दुपारी १.०० – जेवणाची सुट्टी. मूल गावी आजीजवळ असेल तर फोनवर दोन शब्द.

५.०० – वेळ संपते, पण शिपमेंट जवळ आली की कुणी उठत नाही. ओव्हरटाइमला मूळ पगाराच्या दुप्पट दर आहे, आणि त्याशिवाय खोलीचं भाडं निघत नाही.

रात्री ९.०० – पगाराच्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘बिकाश’ या मोबाइल सेवेने गावी पैसे जातात. त्यात आईचं औषध, भावाची फी.

२०२३ मध्ये या कामगारांनी महिना २३,००० टका किमान वेतन मागितलं. मिळालं १२,५००. ते फार कमी आहे, आणि ते वाढवण्याची जबाबदारी तिच्या सरकारइतकीच तिने शिवलेले कपडे विकणाऱ्या परदेशी कंपन्यांचीही आहे.